बंद, मंद, जलद

शाहूपुरी, कोल्हापूर
१४ जून १९८२

मल्लव्वा,

वर आशीर्वाद लिहायचा की नाही ते ठरेना, म्हणून नुसतं नाव घालून सुरुवात केली आहे. बारा वर्षांत मी तुला लिहिलेलं हे दुसरं पत्र. पहिलं डिसेंबरातलं, तुझी आव्वा गेल्याचं. त्याला तुझं उत्तर आलं नाही. मीही वाट बघत होतो असं काही नाही.

परवा शनिवारी मागच्या गल्लीतल्या रशिदाभाभींची हाफिजा दारात उभी. तुझ्याबरोबर मिरजेला नर्सिंग शिकायला गेली, तुझ्याबरोबरच विलायतेला गेली, त्यामुळे तिला बघितलं की माझ्या कपाळाला आधी आठी पडते. हातात हे एवढं खोकं. म्हणाली, "मल्लूनं दिलंय, अप्पा."

"काय हाय?"

"भांडं. लाइटवर चालतंय. सकाळी घालायचं, संध्याकाळी खायचं. मधी झाकण उघडायचं न्हाय."

"चिठ्ठीबिठ्ठी?"

"न्हाय दिली. आनि मला काय इचारू नका, म्या पोचवायचं काम केलं." चहालासुद्धा थांबली नाही.

खोकं उघडलं. वर्तमानपत्रांत गुंडाळलेलं होतं. एकेक पान सरळ करून, झटकून, दोन्ही बाजूंनी बघितलं. इंग्रजी छापील मजकुरापलीकडे काही नाही. भांड्यात हात घालून बघितला. झाकणाखाली बघितलं. तुझी एक ओळ नाही. बाहेरून तपकिरी पत्रा, त्यावर नारिंगी फुलं, आत चिनी मातीची बरणी बसवलेली आणि वर काचेचं झाकण. देखणं आहे. पण मी काय करू त्याचं? साठी उलटलेला गुळाचा अडत्या मी. जन्मात चहाच्या पुढं काही उकळलेलं नाही.

आणि मग ते बटण बघितलं. बटणाभोवतीच्या इंग्रजी अक्षरांवर कागदाच्या तीन बारीक पट्ट्या चिकटवल्या आहेत, शाईनं लिहिलेल्या. बंद. मंद. जलद. तुझं अक्षर मी ओळखतो. गोल, सुटंसुटं, एकेक अक्षर पंगतीला बसवल्यासारखं. तुम्हा भावंडांत पंचाक्षरी तीन पानं खरडून खेळायला पळायचा तेव्हा तुझी अजून तिसरी ओळ चाललेली असायची.

अख्ख्या मराठीत तुला दुसरा शब्द मिळाला नाही काय? लहानपणी मी तुला मंद म्हणायचो. रागानं म्हणायचो, कौतुकानं म्हणायचो, पाहुण्यांदेखत म्हणायचो. ते तू विसरली नाहीस, एवढंच सांगायला हे धूड समुद्रापलीकडून पाठवलंस? तसं असेल तर एका पोस्टकार्डात काम झालं असतं.

मला एकच गोष्ट कळायला पाहिजे. हे टोमणा म्हणून पाठवलंस की काळजीनं? टोमणा असेल तर माळ्यावर टाकून देतो. काळजी असेल तर मग, मग काय ते मला लिहायला जमत नाही.

आव्वा गेली तेव्हा तुला तार केली होती. ती तुला का मिळाली नाही कुणास ठाऊक.

डिसेंबरात रशिदाभाभींकडून घेतलेला तुझा पत्ता हरवला; खोक्यावर होता, त्यावरून हे पाठवतो आहे.

अप्पा


शाहूपुरी, कोल्हापूर
२९ जून १९८२

मल्लव्वा,

उत्तर नाही. पत्र पोचायला दहा दिवस लागतात असं पोस्टात म्हणाले, म्हणजे तू लगेच लिहिलं असतंस तरी अजून वाटेत असणार. हे कळतं मला. तरी रोज पोस्टमन दिसला की उगाच गल्ल्यामागून उठून उभा राहतो.

भांडं माळ्यावर टाकलेलं नाही. ज्ञानू वायरमनला बोलावलं, कारण त्याचा प्लग आपल्या भिंतीत जाईना. ज्ञानू म्हणाला, "अप्पा, ह्येला चौकोनी दात हायत आनि आपली भोकं गोल. दात उपटायला लागत्यात." उपटले आणि गोल दातांचे बसवले. जाताना त्यानं नखानं मधल्या पट्टीचा कोपरा उचलून खालचं वाचलं.

"हितं इंग्रजीत 'लो' लिवलंय."

"लो म्हंजे?"

"कमी. त्याच्या वरचं 'हाय', म्हंजे जास्त."

आता सांग. कमी आणि जास्त. दुसरीतल्या पोराला कळणारे शब्द. तुला इंग्रजी येतं, मराठी येतं. तू 'कमी' लिहिलं नाहीस, मुद्दाम 'मंद' लिहिलंस. सबंध आठवडा माझ्या डोक्याचा भुगा झाला. एकदा वाटतं, उगाच मनात आलं ते लिहिलं असेल. दुसऱ्यांदा वाटतं, तू मनात येईल ते कधीच लिहिलं नाहीस. तासभर विचार करून एक शब्द लिहिणारी तू.

मग मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, मंदवर लावणार नाही. काल सोमवार, बाजार बंद. सकाळी अख्खा मसूर घातला, पाणी घातलं, आणि बटण थेट जलदवर. झाकण उघडायचं नाही म्हणे! आत काय चाललंय ते बघायचं नाही तर शिजतंय हे कळणार कसं? माल न बघता मी आयुष्यात व्यवहार केला नाही. झाकण काढूनच ठेवलं आणि पुढ्यात खुर्ची टाकून बसलो. दुपारी तीनला कडेचा मसूर बरणीला चिकटून काळा आणि मधला अजून कडक. तो मी खाल्ला. चिमणाबाई सकाळी दोन भाकरी थापून देऊन जाते, त्यातली एक त्याच्याबरोबर गिळली. चांगला लागला असं लिहिणार होतो, पण नको.

पंचाक्षरी कसबा बावड्याला नव्या घरात राहायला गेला, हे तुला आव्वानं कळवलं असेलच. कळवलं असणार. तुझी पत्रं रशिदाभाभींच्या पत्त्यावर यायची हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. एकदा पिठाच्या डब्यात विलायतेच्या पत्राचा निळा कागद बघितला होता. तुझ्या आव्वाला, शांतव्वाला, वाचता येत नव्हतं, तेव्हा रशिदाभाभी वाचून दाखवत असतील आणि उत्तरही त्याच लिहीत असतील, हे मी तेव्हाच ताडलं. बोललो नाही. आपल्या घरातलं परक्यांच्या तोंडून ऐकायला लागतं तिला, याचा राग मात्र आला होता. तो राग कुणावर काढायचा ते कळलं नाही, म्हणून आमटीत मीठ नाही म्हणून काढला.

तर पंचाक्षरीची बायको सहा महिने डबा पाठवत होती. पोरगी चांगली आहे, जेवण चांगलं आहे. मे महिन्यात मी तो बंद केला. पंचाक्षरी येऊन भांडला. "तुमास्नी झालंय काय? बावड्याला चला म्हटलं तर येत न्हाईसा, डबा धाडला तर परत करताय!" कारण त्याला सांगितलं नाही. तुला सांगतो. डबा खाऊन धुऊन ठेवला की दिवसभर स्वयंपाकघरात जायचं काही कारणच उरत नाही.

निपाणीच्या पाहुण्यांबद्दलही एकदा लिहून टाकतो, तुझ्या मनात तेच असणार. ते तुला बघायला आले तेव्हा मी म्हणालो, "पोरगी जरा मंद हाय, पण कामाला चांगली." तू पोह्यांचं ताट घेऊन दारातच उभी होतीस. अगं, आमच्या बाजारात रीत आहे. गुळाची ढेप, म्हणजे आपला रवा, आतून ओला असेल, काळपट असेल, तर गिऱ्हाईकानं टोचून बघायच्या आधी आपणच सांगायचं. खोट आधी सांगितली की मागाहून बोल लागत नाही. तुला पुढं कुणी बोल लावू नये म्हणून मी ते बोललो. तू ताट खाली ठेवलंस आणि आठवड्यात मिरजेला निघून गेलीस.

मी चुकलो असं मला अजून वाटत नाही. पण बारा वर्षं झाली आणि ते ताट तू किती हळू खाली ठेवलंस ते आठवतं, याला काय म्हणायचं ते सांग.

अप्पा


शाहूपुरी, कोल्हापूर
१९ जुलै १९८२

मल्लव्वा,

हाफिजा रजा संपवून परत गेली. तिच्याबरोबर निरोप द्यायचा म्हणून दोनदा मागच्या गल्लीपर्यंत गेलो आणि दोनदा पान खाऊन परत आलो.

आता एक मोठी भानगड झाली आहे आणि ती मला काही केल्या उलगडत नाही. आधी हुलग्यांचं सांगतो, कारण सुरुवात तिथून झाली.

रशिदाभाभी परवा खिडकीतून वास घेऊन आत आल्या. मसूर तिसऱ्यांदा करपला होता. भांडं बघितलं, बटण बघितलं आणि म्हणाल्या, "काय ओ अप्पा, ह्ये समदं टोकाला कशापायी फिरवलंय? मधी ठेवा की."

"मधी मंद हाय," मी म्हणालो.

"मग? मंदवरच तर शिजतंय."

आता त्यांना काय सांगणार. दुसऱ्या दिवशी रविवारी दुकानात गेलोच नाही. हुलगे रात्रभर भिजत घातले होते. सकाळी सात वाजता बरणीत ओतले, पाणी, हळद, कांदा, आपली कोल्हापुरी चटणी. शांतव्वाच्या हुलग्याच्या आमटीत गूळ असायचा हे मला पक्कं माहीत, त्यामुळे गूळ घातला. गुळाच्या बाबतीत मी हात आखडता घेणार होय? चांगला पिवळाधमक, लिंबाएवढा खडा. थोडी चिंच. मग बटणाकडे न बघता ते मधे फिरवलं. झाकण लावलं. उघडायचं नाही म्हणून दार ओढून घेऊन चक्क गल्लीत जाऊन बसलो. आकाराम हमाल विचारायला लागला, "अप्पा, घरात साप निगालाय काय?"

संध्याकाळी पाच वाजता उघडलं. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. अगदी तिचाच वास. चमचा घातला, तोंडात घातलं आणि दाढ दुखावली. हुलगे खड्यासारखे. दहा तासांत एक दाणा मऊ नाही!

रशिदाभाभींना हाक मारली. त्यांनी दोन दाणे बोटांत चिरडायला बघितले, आणि विचारलं, "गूळ कवा घातला?"

"सकाळीच. सगळ्यांच्या आधी."

त्या भिंतीला टेकून हसायला लागल्या. "आवं, गूळ आनि चिंच आधी पडली की हुलगा जल्मात शिजत न्हाय! गूळ शेवटाला. शिजल्यावर. आख्खं आयुष्य गूळ इकला आनि येवढं ठावं न्हाय व्हय?"

हात टेकले मी. चाळीस वर्षं गुळात काढली आणि तो कधी घालायचा ते मला माहीत नाही. पण भानगड ती नव्हे. भानगड पुढंच आहे. हसू ओसरल्यावर मी सहज म्हणालो, "भाभी, मल्लव्वाची पत्रं तुम्ही शांतव्वाला वाचून दाखवायचा. त्यात कधी माझ्याबद्दल काय असायचं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्या? मला कुठं मराठी वाचाय येतंय, अप्पा? म्या उर्दू शिकलेली. पत्र आलं की म्या तसंच्या तसं तुमच्या घरात आनून द्यायची."

"मग वाचायचं कोण?"

"ते मला काय ठावं? शांताक्का दार लावून घ्यायच्या."

मल्लव्वा, मग वाचायचं कोण? लिहायचं कोण? पंचाक्षरी म्हणतो, त्यानं आयुष्यात तुझं एक पत्र बघितलेलं नाही. चिमणाबाईचा अंगठा आहे. माझ्या घरात माझ्या पाठीमागं कोण येऊन बसायचं? मी बाजारात असायचो सकाळी आठ ते संध्याकाळी सात. त्या वेळात इथं काय चालायचं ते मला कधी माहीतच नव्हतं, हे आज प्रथम लक्षात आलं. मला भीती वाटते आहे, आणि कशाची तेही कळत नाही.

तू टोमणा मारला असशील तर मार. पण याचं उत्तर दे.

अप्पा


शाहूपुरी, कोल्हापूर
८ ऑगस्ट १९८२

मल्लव्वा,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं आहे. हे तिसरं. यात खाडाखोड असेल, तशीच वाच.

स्वयंपाकघरातले डबे काढून ओट्यावर मांडले. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी आहे. आजवर मी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. डबा उघडायचा, आत बघायचं, नको ते असलं तर झाकून पुढचा उघडायचा, असं माझं चाललं होतं. काल एकेक वाचलं. तांदूळ. मसूर. धने. तेच गोल, सुटं अक्षर. मी म्हटलं, ही तर मल्लव्वा, मिरजेला जायच्या आधी लावून गेलेली असणार.

पण त्यातला धन्याचा डबा स्टीलचा आहे. तो मी आणि शांतव्वानं गेल्या दिवाळीत घेतला. दुकानात तिला तो उचलवेना, तिच्या बोटांचे सांधे सुजलेले, म्हणून मी पिशवीत घालून आणला, त्यामुळे चांगलं आठवतं. गेल्या दिवाळीत तू इथं नव्हतीस.

मग हुलग्याचा डबा हातात घेतला. त्यावर लिहिलं आहे: 'हुलगे. गूळ शेवटाला.'

मी चिठ्ठी उजेडात नेऊन परत वाचली. मला एवढंच सांग की मी वेडा झालो आहे की नाही. तिला चिठ्ठ्या कशाला लागत होत्या? अंधारात हात घातला तरी हवा तोच डबा तिच्या हाताला लागायचा. गूळ शेवटाला, हे तिला कुणी सांगायला पाहिजे होतं? मग हे कुणासाठी लिहिलं? आणि लिहिलं तर कुणी लिहिलं? चाळीस वर्षं संसार केला. सातबाऱ्याच्या कागदावर तिचा अंगठा मीच धरून उठवला होता. ती काही बोलली नाही. मी विचारलंही नाही, तुला सही येते काय म्हणून.

तिचं अक्षर कसं होतं हे मला माहीत नाही, मल्लव्वा. तिला अक्षर होतं की नव्हतं हेच मला माहीत नाही.

आता दुसरं. ते लिहिल्याशिवाय हे पत्र पाकिटात घालायचं नाही असं ठरवलं आहे.

मी तुला तार केली नव्हती. जूनच्या पत्रात खोटं लिहिलं. तार ऑफिसात गेलो होतो. ती गेली त्याच सकाळी, घरात माणसं जमलेली असताना, फॉर्म घेतला. 'आई वारली' इथवर मनात जुळवलं. पुढं 'ये' लिहायचं होतं. तिथं हात थांबला. म्हटलं, ये म्हणून लिहिलं आणि ती आली नाही तर? बोलावलंच नाही तर ती आली नाही असं होत नाही. फॉर्म खिशात घातला आणि परत आलो. अकराव्या दिवसाचं झाल्यावर साधं पत्र टाकलं. माती द्यायला तू नव्हतीस, ते तुझ्यामुळे नव्हे. माझ्यामुळे. पंचाक्षरीलासुद्धा मी तार केली म्हणूनच सांगितलं होतं, आणि तो तेव्हापासून तुझ्यावर चिडून आहे. त्याला काल खरं सांगितलं. तो उठून गेला.

खोट आधी सांगायची ही माझी रीत. तुझी सांगितली, चारचौघांत सांगितली. माझी सांगायला आठ महिने लागले. मग मंद कोण?

निपाणीच्या पाहुण्यांपुढं मी चुकलो. तेही आज लिहितो. तू गुळाचा रवा नव्हतीस.

पट्टीवर कुणाचं अक्षर आहे? तेवढं कळव. मला शिव्या लिही, पण त्यात तेवढं एक कळव.

अप्पा


शाहूपुरी, कोल्हापूर
३ सप्टेंबर १९८२

चि. मल्लव्वा हिला अप्पाचा आशीर्वाद.

या खेपेला ठरवावं लागलं नाही.

तुझं पत्र काल दुपारी आलं. दुकानात फोडलं नाही. घरी येऊन ओट्याशी उभा राहून वाचलं. पहिल्यांदा भराभर वाचलं, काही समजलं नाही. मग तुझ्यासारखं वाचलं, एकेक ओळ. आता पाठ झालं आहे. तू लिहिलेलं मी परत तुलाच लिहितो आहे, बरोबर समजलं का बघ.

तू लिहितेस: "अप्पा, पट्ट्या आव्वाच्या हातच्या आहेत. भांडं मी तिच्यासाठी घेतलं होतं, तिचे हात दुखतात, चुलीपुढं उभं राहवत नाही म्हणून. बटणावर काय लिहायचं ते तीन कागदांवर लिहून पाठव म्हटलं. ते ऑक्टोबरात आले. मी सातवीत असताना तिला लिहायला शिकवलं. तुम्ही बाजारात गेलात की दुपारी, पाटीवर. पंचूनं आधी शिकवायला घेतलं होतं, पण तो भरभर सांगायचा आणि चिडायचा. आव्वा म्हणायची, तू दमानं सांगतीस म्हणून माझ्या डोस्क्यात जातंय. माझं अक्षर बघूनच तिनं गिरवलं, म्हणून दोघींचं एकसारखं आहे."

हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. माझ्या घरात शाळा भरत होती आणि मास्तरीण ती होती जिला मी मंद म्हणत होतो.

मग तू त्या शब्दाचं लिहिलं आहेस: "मी तिला 'कमी' लिहायला सांगितलं होतं. तिनं 'मंद' लिहून पाठवलं. मला तो शब्द नको होता, तसं मी कळवलं. तर नोव्हेंबरातल्या शेवटच्या पत्रात तिनं लिहिलं, जाळ कमी आसला तर शिजत न्हाय. मंद आसला तर शिजतंय. तूच तेवढी उलटं धरून बसू नगंस. मग मी तशीच चिकटवली. ती गेल्यावर भांड्याचं काय करायचं कळेना. सहा महिने कपाटावर होतं. हाफिजा निघाली तेव्हा दिलं. चिठ्ठी लिहायला बसले होते, अप्पा. चार संध्याकाळी बसले. 'अप्पा' एवढंच लिहून झालं."

तू टोमणा मारला नव्हतास. मी अडीच महिने तुझ्या नावानं शंख करत होतो आणि शब्द शांतव्वाचा होता. तिनं तो तुला म्हणून लिहिला की मला म्हणून, हे मात्र अजून कळत नाही. आता विचारायचं कुणाला? डब्यावरच्या चिठ्ठ्यांबद्दल तुलाही माहीत नाही म्हणतेस. मग त्या माझ्यासाठीच असणार. तिला ठाऊक होतं की ती गेल्यावर हा माणूस डबे उघडत बसणार आहे.

आणि शेवटी तू तारेचं लिहिलं आहेस. तेवढं मी एकदाच वाचलं, परत वाचवेना, तरी तेच सगळ्यांत जास्त पाठ झालं: "आव्वा गेल्याचं मला चौथ्या दिवशी हाफिजाच्या घरून कळलं होतं. हॉस्पिटलात रजा मांडली. बॅग भरली. तुमच्या तारेची वाट बघत बसले. म्हटलं, अप्पांनी बोलावलं तर जायचं, न बोलावता त्या दारात परत उभं राहायचं नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा बॅग उघडली."

तू बॅग भरून बसली होतीस, आणि मी इकडं फॉर्म खिशात घालून बसलो होतो, तू येणार नाहीस म्हणून.

मल्लव्वा, मला माफ कर. हे मी कुणाला जन्मात म्हटलेलं नाही, त्यामुळे कसं म्हणतात ते माहीत नाही.

आज सकाळी तार ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाला म्हणालो, "विलायतेला तार करायची हाय. एकच शब्द. 'ये'."

तो म्हणाला, "परदेशी तार इंग्रजीत लागतीया, आजोबा. 'कम' लिवू?"

"लिवा."

"आनि पुढं?"

"पुढं काय न्हाय."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आवं, तारेत नुस्तं 'कम' बघून तिकडं पोरगी ऊर बडवून घेईल की! कोन गेलं म्हनून. पुढं 'ऑल वेल' तरी घाला."

मी म्हणालो घाला. तेव्हा तार अशी आहे: कम, ऑल वेल, अप्पा. ती या पत्राच्या कितीतरी आधी तुला मिळेल. घाबरू नकोस. कुणीही गेलेलं नाही. पंचाक्षरी बरा आहे, तुला आणायला मुंबईला मीच जाणार म्हणतो. काल येऊन दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "तिच्यावर आठ म्हैने उगाच डाफरलो मी. तिला सांगा." म्हणून सांगितलं. 'ऑल वेल' मात्र खरं नाही. ते त्या खिडकीतल्या माणसाचं आहे. 'कम' तेवढं माझं.

भांड्याची मधली पट्टी वाफेनं सुटत आली होती. ज्ञानूनं नख लावलं तिथूनच उचलली गेली. गव्हाच्या पिठाची खळ करून ती काल परत चिकटवली, आणि सरळ बसते की नाही ते चष्मा लावून बघितलं. आज सकाळी हुलगे घातले आहेत, बटण मंदवर आहे, आणि पत्र लिहिताना मी एकदाही झाकण उघडलेलं नाही.

येशील त्या दिवशीही हेच करणार आहे. कधी येतेस ते कळव, म्हणजे आदल्या रात्री हुलगे भिजत घालतो. आमटी शिजवून ठेवीन, पण गूळ घालणार नाही. खडा काढून वाटीत ठेवीन. तू दारातून आत ये, हातपाय धू, आणि मग तुझ्या हातानं घाल.

तुझा
अप्पा